१८८५ साली मराठी साहित्य कुठं होतं?

मागच्या महिन्यात हिंगोलीतल्या एका अभ्यासिकेत गेले होते. सेटची तयारी करणारा एक पोरगा मराठीचं गाईड पुढ्यात घेऊन बसला होता. म्हणाला, "ताई, स्वच्छंदतावाद आणि वास्तववाद यातला फरक एका ओळीत सांगा ना, पाठ करायचाय." गाईडात उत्तर होतंच. एकोणिसाव्या शतकात युरोपात आधी स्वच्छंदतावाद आला, मग वास्तववाद, मग निसर्गवाद, मग प्रतीकवाद. इंग्रजी शिक्षणामुळे हे वारे महाराष्ट्रात पोचले आणि आधुनिक मराठी साहित्य जन्माला आलं. कवितेत केशवसुत, कादंबरीत हरिभाऊ आपटे. प्रश्न संपला, दोन मार्क मिळाले.

मी त्याला विचारलं, "हे वारे कुणाच्या वाड्यात पोचले आणि कुणाच्या वाड्याबाहेर थांबले, ते लिहिलंय का?" तो हसला. "ताई, ते परीक्षेत विचारत नाहीत."

विचारत नाहीत म्हणूनच हा लेख लिहिते आहे. कारण हे उत्तर दिसायला निरुपद्रवी असलं तरी त्यात एक अख्खं राजकारण लपलेलं आहे. साहित्य म्हणजे हवामान, ते कुठूनतरी येतं, प्रतिभावंतांच्या अंगाला लागतं आणि कविता होते, असं एकदा मान्य केलं की पुढचे प्रश्न विचारायची सोयच उरत नाही. लेखणी कुणाच्या हातात होती? कागदाचे पैसे कोण देत होतं? चांगलं-वाईट कोण ठरवत होतं? मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मला या तीन प्रश्नांशिवाय कुठलीही साहित्य चळवळ कळत नाही, मग ती लंडनची असो की औरंगाबादची.

आधी युरोपचंच बघू, कारण गाईडवाले युरोपबद्दलही अर्धंच सांगतात.

वर्ड्स्वर्थ आणि कोलरिज यांचा कवितासंग्रह १७९८ साली आला आणि तिथून इंग्रजी स्वच्छंदतावाद सुरू झाला, हे पाठ करून घेतात. निसर्गप्रेम, साधी माणसं, साधी भाषा ही त्याची वैशिष्ट्यं. पण त्या काळात इंग्लंडच्या खेड्यात काय चाललं होतं? गावाची सामाईक कुरणं, गायरानं कायदे करून कुंपणात घातली जात होती. ज्याची एक गाय त्या गायरानावर चरायची तो माणूस मजूर झाला आणि पुढं त्याची पोरं मँचेस्टरच्या गिरण्यांत गेली. गायरान हा शब्द आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही. मराठवाड्यात गायरानाच्या तुकड्यासाठी आपल्या माणसांनी किती मार खाल्लाय हे आपल्याला माहीत आहे.

त्याच इंग्लंडात हेल्पस्टन नावाच्या खेड्यात जॉन क्लेअर नावाचा शेतमजूर होता. त्याच्या गावाच्या जमिनी कुंपणात घालणारा कायदा १८०९ साली झाला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याने ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्यावर कविता लिहिल्या. १८२० साली त्याचा पहिला संग्रह आला आणि लंडनच्या बड्या लोकांना 'शेतकरी कवी' म्हणून त्याचं चार दिवस कौतुक वाटलं. मग काय झालं बघा. प्रकाशकाने त्याचं व्याकरण दुरुस्त केलं, त्याच्या बोलीतले शब्द काढले. श्रीमंतांच्या पैशाला शिव्या देणाऱ्या ओळी एका लॉर्डसाहेबांना खटकल्या, त्यांनी त्या पुढच्या आवृत्तीतून काढायला लावल्या. फॅशन सरली, पुस्तकं खपेनात, आणि तो माणूस १८६४ साली वेड्यांच्या इस्पितळात मेला. निसर्गावर प्रेम करणारे कवी म्हणून वर्ड्स्वर्थ आपल्या पोरांच्या गाईडात आले. ज्याचा निसर्ग हिसकावून घेतला तो क्लेअर मात्र आला नाही.

तिकडे रशियन साम्राज्यात युक्रेनचा तारास शेवचेन्को भूदास म्हणून जन्मला, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा माणूस. १८३८ साली चित्रकार-कवींनी पैसे उभे करून त्याला मालकाकडून अक्षरशः विकत घेऊन मोकळं केलं. दोन वर्षांत त्याचा कवितासंग्रह आला. १८४७ साली झारने त्याला सैन्यात शिपाई करून हद्दपार केलं आणि लिहायची व चित्र काढायची बंदी घातली. बंदुकीला भिणारा राजा लेखणीलाही भितो, पण कुणाच्या हातातली लेखणी आहे ते बघून भितो. जमीनदारांच्या लेखण्या तेव्हाही चालूच होत्या.

कादंबरीकडे या. डिकन्सचा बाप कर्जापायी तुरुंगात गेला आणि बारा वर्षांचं पोर बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत बसलं. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने भुकेल्या माणसाला अनाथगृहवजा तुरुंगात डांबायला सुरुवात केली आणि तीनच वर्षांत 'ऑलिव्हर ट्विस्ट' सुरू झाली. त्याच्या कित्येक कादंबऱ्या महिन्याला एक शिलिंगच्या सुट्या भागांत विकल्या गेल्या, म्हणून अख्खं पुस्तक विकत घ्यायची ऐपत नसलेल्या घरांतही त्या शिरल्या. वास्तववाद म्हणजे 'जसं आहे तसं चित्रण' एवढं सांगून भागत नाही. स्वस्त छपाई, वाचायला शिकलेला कारकून-कामगार आणि भुकेचा कायदा या तिन्हींशिवाय तो उभाच राहिला नसता.

आणि झोला. कोळसा खाणीतल्या मजुरांवरची 'जर्मिनल' लिहिण्याआधी तो १८८४ साली संप चालू असताना खाणभागात गेला, वही घेऊन खाणीत उतरला. पुस्तक १८८५ ला आलं. प्रस्थापितांनी काय म्हणावं? घाण. चिखल. अश्लील. इंग्लंडात झोलाची भाषांतरं छापणाऱ्या म्हाताऱ्या प्रकाशकाला, व्हिझेटलीला, १८८९ साली तीन महिने तुरुंगात टाकलं. पुढं १९०२ साली झोला मेला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत खाणकामगार 'जर्मिनल, जर्मिनल' ओरडत चालले होते. 'घाण' हा शब्द लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता ते साल धरा, १८८५. खाणकामगारांची कादंबरी पॅरिसात आली त्या वर्षी मराठी साहित्य कुठं होतं?

गाईड म्हणेल, याच वर्षी केशवसुतांच्या कवितेने आधुनिक मराठी काव्य सुरू झालं आणि हरिभाऊंची 'मधली स्थिती' आली. खरंच आहे. पण त्याच वर्षी पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली होती. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतिराव फुल्यांना निमंत्रण धाडलं. जोतिराव गेले नाहीत. त्यांनी पत्र पाठवलं, ते 'ज्ञानोदया'त छापून आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की, जी माणसं इतर माणसांना माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही, आमचं आम्हालाच बघावं लागेल.

मित्रांनो, हे पत्र रुसव्याफुगव्याचं नाही. मराठीतली पहिली साहित्यविषयक भूमिका मी त्याला म्हणते. युरोपातल्या वादांवर पाच-पाच पानं खर्ची घालणारी आपली अभ्यासपुस्तकं या पत्राला एक परिच्छेद देतात, तोही 'समाजसुधारक' या खान्यात. जोतिरावांना साहित्यिकांच्या खान्यात बसवलं तर मग अवघड प्रश्न सुरू होतात ना!

पहिला प्रश्न पैशाचा. पेशवाईत ब्राह्मणांना रमणा भरवून दक्षिणा वाटत. इंग्रज आले, त्यांनी त्या दक्षिणेतला काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला आणि दक्षिणा प्राइज कमिटी झाली. म्हणजे ज्याला आपण आधुनिक मराठी ग्रंथव्यवहार म्हणतो, त्याच्या बारशाचा खर्च पेशव्यांच्या दक्षिणेतून झाला. जोतिरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून या कमिटीकडे दिलं. अडाणी शेतकरी जोडप्याला जोशी कसा लुबाडतो, त्याचं ते नाटक. कमिटीने नाकारलं. शंभराहून जास्त वर्षं ते पुस्तकरूपाने लोकांपुढं आलंच नाही. वास्तववादी नाटक मराठीत नव्हतं असं म्हणायचं की ते पेटीत ठेवलं होतं असं म्हणायचं?

दुसरा प्रश्न भाषेचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत जोतिरावांच्या मराठीची, व्याकरणाची टिंगल केली. क्लेअरच्या प्रकाशकाने निदान व्याकरण दुरुस्त करून छापलं तरी, इकडे व्याकरणाचं निमित्त करून माणूसच बाद केला. आजही आपला एखादा पोरगा काही लिहितो तेव्हा पहिला शेरा ऱ्हस्व-दीर्घाचाच येतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात जिव्हारी लागणारा. केशवसुतांनी १८८८ साली 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविता लिहिली. मी केशवसुतांचं मोल कमी करत नाही. त्या काळी त्या घरात जन्मलेल्या माणसाने ते लिहिणं सोपं नव्हतं, उपाशी मजुरावरही त्यांनी लिहिलं. पण 'पहिला प्रश्न'? अंत्यजाच्या मुलीने तो प्रश्न त्याआधी तेहतीस वर्षं विचारून ठेवला होता. १८५५ साली 'ज्ञानोदया'त दोन हप्त्यांत मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, मातंग समाजातली, चौदा वर्षांची, सावित्रीमाई-जोतिरावांच्या शाळेतली. धर्म कुणाचा, ग्रंथ कुणाचा, आणि ज्यांना ग्रंथ वाचायचीच बंदी त्यांचा धर्म कोणता, असं त्या पोरीने भरल्या पुण्यात विचारलं. त्या आधीच्या वर्षी, १८५४ ला, सावित्रीमाईंचा 'काव्यफुले' आलेला आहे. केशवसुतांचा जन्म १८६६ चा. मग आधुनिक मराठी कवितेचा जनक कोण आणि जननी कोण, याचा हिशोब पुन्हा मांडायला नको?

हरिभाऊंबद्दलही तेच. 'पण लक्षात कोण घेतो' मधली यमू आणि तिचं दुःख खरं आहे, बालविधवेचं केशवपन खरं आहे. त्यांनी जे पाहिलं ते इमानाने लिहिलं. पण पाहिलं ते वाड्याच्या आतून. वाड्याबाहेर १८७६-७७ च्या दुष्काळात माणसं मरत होती, सावकार जमिनी गिळत होता. ते 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये आलं, कृष्णराव भालेकरांच्या 'बळीबा पाटील' या कादंबरीत आलं, ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्री-पुरुष तुलने'त बाईच्या अंगाने आलं. हे सगळं १८८० च्या दशकातलं, म्हणजे झोलाच्याच दशकातलं. आपल्याकडे वास्तववाद उशिरा पोचला हे साफ खोटं आहे. तो इथल्याच मातीत, इथल्याच दुष्काळात उगवला होता. मान्यता देणाऱ्यांनी त्याला साहित्य म्हटलं नाही, एवढंच.

(आपल्या माणसांचीही एक गोष्ट सांगायला हवी. 'असूड'ची पहिली दोन प्रकरणं बहुजनांच्याच 'दीनबंधू'त छापून आली आणि पुढची छापायची छाती संपादकांना झाली नाही. जोतिरावांनी त्याची नोंद करून ठेवलीय. दबाव बाहेरून येतो तसा घरातही शिरतो.)

माझ्याच गटातली काही पोरं म्हणतात, ताई, आपल्याला या युरोपचं काय करायचंय, गोऱ्यांचे वाद गोऱ्यांना. मला हे पटत नाही. जोतिरावांनी तरुणपणी कुणाला वाचलं? थॉमस पेनला. 'राइट्स ऑफ मॅन' लिहिणारा हा माणूस कारागिराच्या घरचा, त्याचं स्वस्त पुस्तक इंग्लंडच्या मजुरांत हातोहात गेलं आणि सरकारने त्याच्यावर खटला भरला. इंग्रजी शिक्षणाच्या त्याच दारातून दुसऱ्यांनी शेली-वर्ड्स्वर्थचं चांदणं आणलं, जोतिरावांनी माणसाचे हक्क आणले. 'गुलामगिरी' १८७३ साली अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामगिरी उठवणाऱ्यांना. दार एकच होतं, आत काय न्यायचं ते ज्याच्या त्याच्या जागेवरून ठरलं. 'प्रभाव' या एका शब्दाने गाईड हा सगळा फरक पुसून टाकतं.

आता आपल्या भागाकडे येते. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीत काय होतं? हैदराबाद संस्थान, आणि इथं त्यांच्या पलटणीची छावणी. दरबाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. मराठीत शाळाच धड नाही, तर छापखाना कुठला? नामदेवांची नर्सी इथं हाकेच्या अंतरावर, पण एकोणिसाव्या शतकाच्या मराठी साहित्याच्या नकाशावर हा भाग कोराच आहे. विसाव्या शतकाच्या अर्ध्यापर्यंत पदवीपर्यंत शिकायचं तर हैदराबाद गाठायचं आणि तिथं उस्मानियात उर्दूतून शिकायचं. या जमिनीत आपल्या आजोबांच्या पिढीतून लेखक कसा निघणार होता? त्यांच्यात प्रतिभा नव्हती का? रात्र रात्र जलसे करणाऱ्या, शेकडो गाणी तोंडपाठ असणाऱ्या माणसांत प्रतिभा नव्हती असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

मग बदललं काय? क्रम नीट बघा. बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून १९४४ साली मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. १९५० ला औरंगाबादला कॉलेज, तेच पुढं मिलिंद, त्याला लागून वसतिगृहं. १९५६ ला धम्मदीक्षा, म्हणजे माझं माणूसपण कुणाच्या मान्यतेवर अवलंबून नाही ही जाणीव. १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन, उद्घाटक अण्णाभाऊ साठे. १९६३ ला बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती!'. १९६८ ला डॉ. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श', तेही मिलिंदच्या परिसरातून. १९७२ ला पँथर आणि 'गोलपिठा'. १९७८ ला 'बलुतं'. माझ्या लेखी मराठी साहित्याचा खरा इतिहास हा आहे, आणि त्याची सुरुवात कवितेपासून होत नाही, शिष्यवृत्तीपासून होते. मिलिंदच्या वसतिगृहात ज्या पोराला दोन वेळचं जेवण आणि रात्री दिवा मिळाला, त्याने घरची गोष्ट कागदावर उतरवली. आमच्या बायांना त्या वसतिगृहांपर्यंत पोचायला आणखी वेळ लागला, म्हणून कुमुद पावडे, बेबीताई कांबळे यांची पुस्तकं १९८० च्या दशकात आली. याचं कारणही प्रतिभेत शोधू नका.

यावर समीक्षक काय म्हणाले? भडक. शिवराळ. प्रचारकी. घाण. झोलाला म्हटलं तेच. पण मी झोलाशी तुलना इथंच थांबवते. झोला खाणीत उतरला, वही भरली आणि वर आला. अण्णाभाऊ चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहूनच लिहीत होते, गिरणीत राबलेले. त्यांना वर यायला जागाच नव्हती. युरोपच्या वास्तववादात मधल्या वर्गाने खालच्या वर्गाविषयी लिहिलं, अपवाद सोडून. आंबेडकरी साहित्यात ज्याच्याविषयी लिहायचं तोच लिहिता झाला. म्हणून 'दलित साहित्य म्हणजे वास्तववादाची मराठी शाखा' असं कुठल्या गाईडात दिसलं तर त्यावर खुशाल काट मारा.

आणि समाज साहित्याला घडवतो म्हणजे काय, याचं आपल्या घरचं उदाहरण ऐका. 'बलुतं' आलं त्याच १९७८ साली जुलैमध्ये विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. आपला भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. नांदेड-परभणीच्या खेड्यांनी काय भोगलं ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. पोचिराम कांबळेंना जाळलं. विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. एका पाटीवरच्या अक्षरांसाठी जिथं सोळा वर्षं रक्त सांडतं, तिथं 'साहित्य जातीपलीकडचं असतं' हे मला कुणी ऐकवू नये.

पण आज बोट आपल्याकडेही वळवावं लागेल. मी वस्त्यांत फिरते. शिष्यवृत्ती वेळेवर न आल्याने पोरं कॉलेज सोडून ऊसतोडीला गेलेली बघते. वसतिगृहाची यादी लांबली की पहिलं मुलीचं शिक्षण थांबतं. यावर आपण निवेदन देतो, ते द्यायलाच हवं. मात्र त्या निवेदनात आपण फक्त 'नोकरी'चं बोलतो. एक वसतिगृह बंद पडलं की उद्याचा एक बागुल, एक बेबीताई बंद पडते, हे आपण म्हणत नाही. कारण साहित्य ही रिकामटेकड्यांची गोष्ट आहे असं आपणही मानायला लागलोय. जयंतीला डीजेची पट्टी मागायला प्रत्येक घरात जातो, गावात एक नियतकालिक घेण्यासाठी कुणी पट्टी मागितल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. डीजेला माझा विरोध नाही, पोरांनी नाचावं. पण 'अस्मितादर्श' हेही कुणाच्या तरी पट्टीवर, वर्गणीवर चाललं होतं.

त्या अभ्यासिकेतल्या पोराला मी शेवटी एका ओळीचं उत्तर दिलं नाहीच. त्याला म्हटलं, परीक्षेत गाईडातलं लिही, मार्क घे, ते मार्क आपल्याला पाहिजेत. आणि तुझी आई हळदीच्या हंगामात किती वाजता उठते, काहिलीजवळ किती तास उभी राहते, ते दोन पानं लिहून आण. "त्याला कोणता वाद म्हणायचं ताई?" असं त्याने विचारलं. म्हटलं, आधी लिही.

त्याने आणलीत दोन पानं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेत, मी हात लावलेला नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात आधी मुक्ता साळवेंचा निबंध मोठ्याने वाचणार आहोत आणि मग ही दोन पानं. हिंगोलीच्या आसपासच्यांनी यावं, येताना वही आणावी.